सहल डिलाईल रोडची

भाताची झोडणी उरकली, शाळू गुडघ्याएवढा झाला, की आपल्याकडच्या शाळांतून सहलीचे वारे वाहू लागते. तुमच्याही घरी कुणीतरी दप्तरातून संमतिपत्राचा कागद काढून सहीसाठी पुढे केला असेल. सही करण्यापूर्वी चार गोष्टी माझ्या ऐकून घ्या. मी कृषी खात्यातला विस्तार अधिकारी. बी-बियाणे, खते, कीड यांवर बोलायचे सोडून हा गृहस्थ सहलीवर काय लिहितो, असे तुम्ही म्हणाल. तर त्याचे असे झाले.

आमचे गाव पाटण तालुक्यात, डोंगराच्या कुशीत. २०२३ सालच्या नोव्हेंबरात गावच्या माध्यमिक शाळेचे मुख्याध्यापक घरी आले. म्हणाले, ‘‘प्रतापगड झाला, पन्हाळा झाला, रायगड झाला. यंदा मुंबई काढतोय. नववीची मुलं आहेत. काय काय दाखवू?’’ त्यांच्या यादीत गेटवे, राणीची बाग, तिथले म्युझियम, हुतात्मा चौक आणि चौपाटी एवढे होते. यादी चांगलीच होती. मी म्हटले, ‘‘गुरुजी, त्यात डिलाईल रोड घाला.’’

गुरुजी हसले. ‘‘तिथं काय आहे? चाळी?’’

‘‘हो, चाळीच.’’

मंडळी, ज्यांच्या घरचे कुणी मुंबईला गेलेच नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. सात रस्त्यापासून चिंचपोकळी आणि करी रोड स्टेशनांच्या पश्चिमेने लोअर परळकडे जाणारा हा रस्ता. पाटीवर त्याचे नाव ना. म. जोशी मार्ग. हे नारायण मल्हार जोशी (१८७९-१९५५) मूळचे कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे. १९११ साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली, १९२० साली आयटक ही कामगार संघटना उभी करण्यात ते पुढे होते. पाटी बदलली, पण आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून ‘डिलाईल रोड’ काही गेला नाही. या रस्त्याला लागून बी.डी.डी. चाळी आहेत. इंग्रज सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० नंतरच्या काही वर्षांत वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड मिळून २०७ चाळी बांधल्या. त्यातल्या ३२ डिलाईल रोडला. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्याला २० खोल्या, म्हणजे चाळीला ८०. मधोमध अंधारा बोळ, दोन्ही बाजूंना खोल्यांची दारे, संडास सामाईक. खोली साधारण १६० चौरस फुटांची.

या खोल्यांतून कोकणचे चाकरमानी राहिले, आणि साताऱ्या-सांगली-कोल्हापूरचे आपले लोक राहिले. रायगड दाखवताना आपण मुलांना सांगतो की गड राखणारे मावळे आपल्यातलेच. मग गिरणीत कापड विणणारे कुणाचे होते? पाटण खोऱ्यात असे घर शोधून काढावे लागेल, ज्यातला एकही माणूस गिरणीत गेला नाही. शिवाय घाई होती. चाळी पाडून जागी उंच इमारती बांधायचे काम सुरू झालेले. आज नाही दाखवले तर उद्या दाखवायला काही उरणार नाही.

गुरुजींनी मान्य केले, पण तयारी माझ्या गळ्यात घातली.

पहिला अभ्यास घरचा दिला. प्रत्येकाने वहीच्या एका पानावर लिहून आणायचे: आपल्या घरातून मुंबईला कोण गेले, कोणत्या साली, कोणत्या गिरणीत, कोणत्या खात्यात, कुठल्या चाळीत राहत होते, आणि परत कधी आले. आठ दिवसांनी वह्या आल्या, तेव्हा निम्म्याहून अधिक पाने भरलेली होती. साळखाते, रिंग खाते, बॉयलर, बदली कामगार, धोटा, बॉबिन, रात्रपाळी असे शब्द मुले एकमेकांना विचारू लागली. एका मुलीची पणजीच गिरणीत वाइंडिंग खात्यात कामाला होती. घरातल्या सुनांनाही हे ठाऊक नव्हते. म्हातारी म्हणाली, कुणी विचारलंच नाही.

इथे एक कामाची गोष्ट सांगून ठेवतो. मुलांनी विचारले म्हणून कित्येक घरांतल्या पत्र्याच्या ट्रंका उघडल्या गेल्या. त्यात गिरणीचे हजेरीचे तिकीट, पगाराची पावती, प्रॉव्हिडंट फंडाचा कागद, ई.एस.आय.चे कार्ड निघाले. हे कागद चुलीत घालू नका. म्हाडाने २०१२ सालापासून गिरणी कामगारांसाठी घरांच्या सोडती काढल्या. त्या अर्जाला गिरणीत काम केल्याचा पुरावा लागतो, आणि कामगार वारला असेल तर वारसाला तोच कागद उपयोगी पडतो. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, झेरॉक्स काढून ठेवा. (आमच्या घरचाही अर्ज त्या ढिगात कुठेतरी आहे.)

दुसरा पाठ कापसाचा. आमच्याकडे भात, नाचणी, शाळू. कापूस मुलांनी वातीपुरता पाहिलेला. माझी काही वर्षे नोकरी यवतमाळकडे झाली. तिथल्या एका मित्राने पिशवीभर सरकीसकट कापूस धाडला. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या तराजूवर १०० ग्रॅम कापूस मोजून मुलांना सरकी वेगळी करायला लावली. तास गेला, बोटे दुखली. रुई भरली ३४ ग्रॅम. जिनिंगमध्येही हिशेब साधारण हाच असतो. मग फळ्यावर गणित: रुईची एक गाठ १७० किलोची, तर तिला कापूस किती लागेल? पाच क्विंटल. पाच क्विंटल कापूस वेचायला किती हात लागतात, हे ज्याने वेचणी केली त्यालाच ठाऊक. मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली काढली, १८५६ साली ती ताडदेवला सुरू झाली. पुढे अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशातला बराचसा मुंबईतच राहिला. वऱ्हाडातला कापूस आणि घाटावरची माणसे, दोन्ही आगगाडीने परळला जाऊन पोचली. मी मुलांना एवढेच सांगितले आणि सुताची एकेक धागुली बोटांवर वळून ज्याने त्याने वहीत चिकटवली.

तिसरा पाठ खोलीचा. शाळेच्या पटांगणात चुन्याने १६ फूट लांब, १० फूट रुंद असा चौकोन आखला आणि वीस मुलांना आत बसवले. गिरणीच्या दिवसांत एकेका गावाची एकेक खोली असायची. पंधरा, वीस, कधी पंचवीस माणसे तिच्यात राहायची. ते जमायचे ते पाळ्यांमुळे. एक गडी दुपारपाळीला गेला की रात्रपाळीचा त्याच्या जागेवर आडवा व्हायचा. मुले दाटीवाटीने बसली, खिदळली. आणि कुंपणाबाहेरून आवाज आला, ‘‘ट्रंका कुठं ठिवल्या?’’

ते आमचे दादा होते, म्हणजे माझे वडील. वय ऐंशीच्या पुढे. वीस-बावीस वर्षे गिरणीत साळखात्यात होते आणि डिलाईल रोडच्याच चाळीत राहत होते. १९८१ च्या मे महिन्यात मी पाचवीची परीक्षा देऊन त्यांच्याकडे आठ दिवस राहून आलो होतो. रात्री बोळात घोंगडी टाकून झोपायचो, पहाटे भोंग्याने दचकून उठायचो. पुढच्या वर्षी, १८ जानेवारी १९८२ ला, डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार, साठएक गिरण्या. तोवर मुंबईहून मनिऑर्डर गावाला यायची. त्या वर्षी आईने गावाहून नाचणी आणि तांदळाची बोचकी मुंबईला धाडली. पावसाळा तोंडावर आला तेव्हा दादा ट्रंक घेऊन परत आले. संप मागे घेतल्याचे कुणी कधी जाहीर केलेच नाही. दादा मात्र पुन्हा कधी मुंबईला गेले नाहीत, आणि त्याविषयी बोललेही नाहीत. गिरणीच्या पैशातून खणलेल्या विहिरीवर भाजी आणि ऊस झाला, त्यावर मी बी.एस्सी. ॲग्री केले. पण चाळीचा विषय निघाला की ते गोठ्यात निघून जायचे. मुले वही घेऊन घरी आली तेव्हाही त्यांना त्यांनी वाटेला लावले होते. ‘‘खुराड्यात माणसं राहत हुती, ते बघाया जाताय?’’

आता तेच पटांगणात आले. चुन्याच्या चौकोनात उभे राहून काठीने दाखवू लागले: इथे भिंतीला ट्रंकांची उतरंड, इथे खुंट्या, ज्याची त्याची खुंटी ठरलेली. इथे दार. दाराशी झोपायचे ते नव्या माणसाने, कारण येणाऱ्या-जाणाऱ्याचे पाय त्याच्या अंगावर. मुले गप्प बसून ऐकत होती. एकाने विचारले, ‘‘आजोबा, जेवत कुठं होता?’’

दादा थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, ‘‘खानावळीत.’’ आणि घरी गेले.

गिरणगावातल्या खानावळी म्हणजे बायकांनी घरातच चालवलेला धंदा. दहा-वीस गड्यांचे दोन वेळचे जेवण करायचे, पैसे महिन्याच्या पगाराला. तोवर किराणा उधारीवर, सावकाराचे व्याज डोक्यावर. या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली एकत्र आणले, अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, बँकेची कर्जे मिळवून दिली. संप झाला तेव्हा गड्यांचा पगार बंद झाला, तसे या बायकांचेही येणे बंद झाले. हे मी मुलांना वाचून सांगितले होते. आपल्याच घरात त्याचे टोक आहे हे मला माहीत नव्हते.

सहलीच्या आदल्या रात्री दादांनी मला एक पाकीट दिले. वर चाळीचा आणि खोलीचा नंबर लिहिलेला. म्हणाले, ‘‘तळमजल्याला मावशींची खानावळ हुती. कऱ्हाडकडच्या. चार महिन्यांचं राह्यलंय. किती हुतं ते आता ध्यानात न्हाई. असतील तर दे, नसतील तर सुनंला दे.’’ आत दोन हजार रुपये होते. एकेचाळीस वर्षे हा माणूस मुंबईचे नाव का काढत नव्हता, ते तेव्हा मला कळले.

असो. निघण्याआधी मुलांना वागण्याविषयी चार गोष्टी बजावल्या होत्या. तुमच्या शाळेनेही जरूर बजावाव्यात. चाळ म्हणजे राणीची बाग नव्हे, तिथे माणसे राहतात. बोळात सहापेक्षा जास्त जण एकदम शिरायचे नाही. मोबाईलने खोलीच्या आतले फोटो काढायचे नाहीत. नाकाला रुमाल लावायचा नाही. कुणी आत बोलावले तर चपला बाहेर, आणि पाणी दिले तर नको म्हणायचे नाही. प्रश्न वहीत आधी लिहून न्यायचे.

एस.टी. जानेवारी २०२४ मध्ये पहाटे सुटली. पुणे ओलांडून लोणावळ्याकडे जाताना गुरुजींनी मला पुढे उभे केले. डावीकडच्या डोंगरांच्या पलीकडे मुळशीचे धरण आहे. मुंबईला वीज द्यायची म्हणून टाटा कंपनीने ते बांधायला घेतले, तेव्हा मावळातल्या शेतकऱ्यांच्या भाताच्या जमिनी पाण्याखाली जाणार होत्या. १९२१ साली त्यांनी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट पुढे झाले आणि तेव्हापासून लोक त्यांना सेनापती म्हणू लागले. १९२४ पर्यंत लढा चालला, पण धरण झालेच. आता लोअर परळच्या रुळांपलीकडे फिनिक्स मिलच्या दारावरून जो रस्ता जातो त्याचे नाव सेनापती बापट मार्ग. ज्या विजेपायी मुळशीची शेते गेली तीच या मुंबईच्या गिरण्यांना लागत होती. कोयनेच्या धरणात ज्यांच्या आज्या-पणज्यांची गावे गेली अशी मुले त्या बसमध्ये होती. त्यांना फार समजावून सांगावे लागले नाही.

आता माझी चूक सांगतो. आम्ही शेतकऱ्याच्या कानीकपाळी ओरडतो की पेरणीआधी बियाण्याची उगवणशक्ती तपासा, शंभर दाणे गोणपाटात गुंडाळून बघा. मी मात्र आधी कुणाला पाठवले नाही, स्वतः गेलो नाही, चाळीच्या मंडळाला पत्र टाकले नाही. लोअर परळच्या पुलावरून (२०१८ साली बंद झालेला हा पूल नुकताच, २०२३ च्या नोव्हेंबरात, पुरता खुला झाला होता) पोरांची रांग घेऊन गेलो. पाकिटावरचा नंबर शोधू लागलो, तर त्या जागी पत्र्याचे कुंपण आणि आत क्रेन. चाळ पाडलेली. तीन आठवडे ज्या खोलीची तयारी करून घेतली, ती खोली नव्हतीच. मुले माझ्याकडे बघत होती. मला काय बोलावे सुचेना.

गुरुजी अनुभवी. त्यांनी समोरच्या, अजून उभ्या असलेल्या चाळीखाली बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना नमस्कार केला आणि कुठून आलो ते सांगितले. पाटणचे नाव ऐकताच दोघेजण उठले. अर्ध्या तासात सहा-सहाच्या टोळीने मुले बोळातून जाऊन आली. एका आजींनी खोलीत बसवून गूळ-शेंगदाणे दिले. मुलांनी वहीतले प्रश्न विचारले, भिंतीला हात लावून लांबी-रुंदी मोजली. एक मुलगा बाहेर येऊन म्हणाला, ‘‘सर, आपला चौकोन मोठा वाटत होता.’’ उघड्यावर आखलेला चौकोन मोठा वाटतोच. भिंती आणि माळा आला की कळते.

आजींना मी खानावळीच्या मावशींविषयी विचारले. त्यांना आठवत होत्या. चाळ पाडायच्या कितीतरी आधीच ते घर विकून विरारकडे गेले म्हणाल्या. पत्ता नव्हता.

दुपारी रुळांपलीकडे गेलो. फिनिक्स मिलच्या जागी आता मोठा मॉल आहे. डिलाईल रोडवरच्या मथुरादास मिलच्या आवारात कचेऱ्या आणि हॉटेले आहेत. मुलांना सरकते जिने आवडले, आवडणारच. मी त्यांना आडकाठी केली नाही. जुन्या धुराड्याखाली उभे राहून एका मुलीने विचारले की इथे कामाला होती ती माणसे आता आत येतात का. मी म्हटले, पहारेकरी आणि झाडूवाले म्हणून त्यांची नातवंडे येत असतील. उत्तर जरा कडू झाले. मुलांसमोर असे बोलू नये, असे गुरुजी नंतर म्हणाले, आणि त्यांचे बरोबर होते.

संध्याकाळी हुतात्मा चौकात गेलो, दुसऱ्या दिवशी गेटवे आणि राणीची बाग. ती तुम्ही कुठेही वाचाल.

परत आल्यावर पाकीट दादांच्या हातात दिले. चाळ गेली, मावशी विरारला, हे सांगितले. त्यांनी पाकीट पागोट्याच्या घडीत ठेवले आणि विचारले, ‘‘तू आधी बघून का न्हाई आलास?’’ मी गप्प बसलो. चार दिवसांनी मुलांनी शाळेत सहलीचे वर्णन वाचले, तेव्हा दादांना बोलावले होते. संप म्हणजे काय, ते त्या दिवशी त्यांनी सांगितले. कुणी किती उधारी ठेवली तेसुद्धा, स्वतःचे नाव घालून.

बी.डी.डी. चाळीतल्या रहिवाशांना आता १६० च्या जागी ५०० चौरस फुटांची घरे मिळायची आहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. चांगलेच झाले, त्या बोळात अजून शंभर वर्षे कुणी राहावे असे कोण म्हणेल? पण तुमच्या शाळेला जायचे असेल, तर आता कोणती चाळ उभी आहे याची आधी चौकशी करा. चाळीच्या मंडळाला महिनाभर आधी पत्र लिहा, आणि एका शहाण्या माणसाला पुढे पाठवून पाहणी करा. एस.टी.ची शालेय सहलीची सवलत असते, तिचा अर्जही वेळेत द्या.

यंदाच्या नववीची सहलही मुंबईलाच ठरली आहे. पुढच्या शनिवारी मी एकटाच आधी जाऊन येणार आहे. चाळीतल्या त्या आजींनी मंडळाच्या पोराकडून विरारचा एक पत्ता कळवला आहे. खात्रीचा नाही म्हणाल्या. दादांनी पाकीट पुन्हा माझ्याकडे दिले आहे, आणि त्यात आणखी हजार घातले आहेत.